कॅम्पाचा पैसा: तोडलेल्या जंगलाच्या हिशेबाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी 2025 मध्ये उत्तराखंडच्या विधानसभेत कॅगचा, म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल मांडला गेला आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत आयफोनची बातमी झळकली. तोडलेल्या जंगलाच्या बदल्यात नवे जंगल उभे करण्यासाठी जो पैसा जमा होतो, त्यातून तिथे आयफोन, लॅपटॉप, फ्रिज, कूलर घेतले गेले, इमारतींची डागडुजी झाली, कोर्टाचा खर्च भागवला गेला. अशी इतरत्र वळवलेली रक्कम 13.86 कोटी रुपये निघाली. लोक चिडले, ते रास्तच होते. पण त्याच अहवालातल्या दुसऱ्या दोन आकड्यांची फारशी चर्चा झाली नाही. 2017 ते 2022 या काळात लावलेल्या रोपांपैकी जगली 33.51 टक्के. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या निकषानुसार निदान 60 ते 65 टक्के जगायला हवी होती. आणि 37 प्रकरणांत, जमीन प्रकल्पाला देण्याची अंतिम मंजुरी मिळून आठ वर्षे उलटून गेल्यावर पर्यायी वनीकरण सुरू झाले होते.

आयफोनची किंमत वसूल करता येते. आठ वर्षे जे जंगल लावलेच नाही, ते कोणाकडून वसूल करायचे?

हा पैसा ज्या यंत्रणेच्या ताब्यात असतो तिला सगळे कॅम्पा म्हणतात. पूर्ण नाव लांबलचक आहे. पर्यायी वनीकरणाच्या निधीचे व्यवस्थापन आणि नियोजन करणारे प्राधिकरण, असा त्याचा अर्थ. या प्राधिकरणाचा खर्च तपासायचा तर पैसा कुठून येतो आणि हे खाते असे वेगळे का ठेवले गेले, हे आधी समजून घ्यावे लागते.

सुरुवात 1980 च्या वन संवर्धन कायद्यापासून होते. त्याआधी राज्य सरकारे वनजमीन स्वतःच्या अधिकारात धरणांना, खाणींना, वसाहतींना देऊन टाकत. या कायद्याने केंद्राची परवानगी सक्तीची केली. परवानगीसोबत अट अशी, की जेवढी वनजमीन जाईल तेवढीच वनाबाहेरची जमीन प्रकल्पवाल्यांनी द्यायची आणि तिच्यावर झाडे लावण्याचा खर्च भरायचा. काही प्रकरणांत, मुख्यतः केंद्र सरकारच्या प्रकल्पांना, अशा जमिनीऐवजी दुप्पट क्षेत्राच्या विरळ झालेल्या वनजमिनीवर रोपवन करण्याची सवलत आहे. ही सवलत लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण विरळ जंगलावर लावलेल्या झाडांनी झाडे वाढतात, वनाखालची जमीन एका हेक्टरनेही वाढत नाही.

पैसे जमा होत, पण ते राज्याच्या तिजोरीत. तिथून ते वन विभागाच्या हाती यायचे तर अर्थसंकल्पात तरतूद हवी, आणि ती कधी होई, कधी होत नसे. 1995 मध्ये टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांनी निलगिरीतल्या गुडलूरची वृक्षतोड थांबावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या एका याचिकेने देशाचे वन प्रशासन पुढची अनेक वर्षे न्यायालयाच्या देखरेखीखाली आणले. 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाने, सरकारी नोंदीत मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे त्याला कायदा लागू केला. याच प्रकरणात न्यायालयापुढे हेही आले की पर्यायी वनीकरणाच्या नावाने गोळा झालेला बराचसा पैसा खर्चच होत नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये न्यायालयाने आदेश दिला, की हा पैसा राज्यांच्या तिजोरीत न जाता एका स्वतंत्र निधीत ठेवावा. त्याच आदेशाने त्यात आणखी एक मोठी रक्कम घातली: जंगलाचे निव्वळ वर्तमान मूल्य. झाडांची किंमत वेगळी. पाणी धरून ठेवणे, माती राखणे, हवा, प्राणी, गवत, जळण असे जे जंगल देत होते त्याचे हे मोल. हेक्टरी 5.80 लाख ते 9.20 लाख रुपये असा दर ठरला. पुढे अर्थतज्ज्ञ कांचन चोप्रा यांच्या समितीच्या अभ्यासानंतर, 2008 मध्ये, तो 4.38 लाख ते 10.43 लाख झाला.

जंगलाला भाव लावणेच चूक, असे म्हणणारे बरेच आहेत आणि मला त्यांचे म्हणणे पटते. पण भाव लावला नव्हता तेव्हा जंगल फुकट जात होते, हेही खरेच आहे.

2004 मध्ये कॅम्पाची अधिसूचना निघाली, प्राधिकरण मात्र कागदावरच राहिले. राज्यांना पैसा हातातून सोडायचा नव्हता. 2005 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की हा कर नाही, शुल्क आहे, आणि हा पैसा सरकारच्या एकत्रित निधीत, म्हणजे मुख्य तिजोरीत, जमा करणे घटनेने बंधनकारक नाही. 2006 मध्ये शेवटी तात्पुरती यंत्रणा बसवली गेली आणि राज्यांकडचा पैसा बँकांच्या मुदत ठेवींत येऊ लागला. ही ‘तात्पुरती’ व्यवस्था एक तपाहून अधिक काळ चालली. मधल्या काळात 2008 मध्ये एक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, पण ती लोकसभा विसर्जित झाल्याबरोबर तेही गेले. म्हणजे हजारो कोटी रुपये असे साठत होते की त्यांवर ना संसदेत मतदान होत होते, ना विधानसभांत. न्यायालयाने पैसा वाचवला हे मान्य करायलाच हवे. पण लोकप्रतिनिधींनी ज्याचा हिशेब मागावा असा हा पैसा त्यांच्या नजरेआड गेला, ही त्याची किंमत होती.

2009 मध्ये न्यायालयाने दरवर्षी सुमारे 1,000 कोटी रुपये राज्यांना सोडायला परवानगी दिली. त्यानंतर चार वर्षांनी, 2013 मध्ये, कॅगने 2006 ते 2012 या काळाचा हिशेब मांडला. या विषयात रस असलेल्या प्रत्येकाने तो अहवाल वाचावा असे मला वाटते, कारण त्यात लेखापरीक्षकांनी पैशाइतकेच लक्ष जमिनीकडे दिले. प्रकल्पांकडून वनाबाहेरची 1,03,381 हेक्टर जमीन मिळायला हवी होती. मिळाली सुमारे 28,000 हेक्टर, म्हणजे 27 टक्के. आणि त्या जमिनीवर पर्यायी वनीकरण झाले फक्त 7,280 हेक्टरवर. जी जमीन मिळायला हवी होती तिच्या सात टक्के. दुसरीकडे मार्च 2012 पर्यंत खात्यात 23,600 कोटी रुपयांहून जास्त जमले होते. जंगल गेले होते, पैसा आला होता, त्यावर व्याजही चढत होते, आणि ज्यासाठी हे सगळे चालले होते ती जमीनच आलेली नव्हती.

माझे सगळे म्हणणे या आकड्यांत आहे. कॅम्पाचा खर्च तपासताना आपण आधी पावत्या पाहतो, मग रोपांची संख्या, आणि जमिनीपर्यंत पोचतच नाही. क्रम उलटा हवा. कोणत्या गटातली, किती हेक्टर, कोणत्या दिवशी वन विभागाच्या नावे झाली, राखीव किंवा संरक्षित वन म्हणून तिची अधिसूचना निघाली का, हे आधी विचारावे. कारण रोपांची संख्या हा आकडा फुगवायला सगळ्यात सोपा असतो. पावसाळ्यात खड्डे भरले की तो पूर्ण होतो. मार्च-एप्रिलमध्ये वणवा गेला, गुरे शिरली, पाणी मिळाले नाही, की काय उरले ते रोपवनाच्या नोंदवहीत शोधावे लागते. रस्त्याकडेच्या फलकावर वर्ष, क्षेत्र आणि रोपांची संख्या असते. आज किती उभी आहेत ते लिहिलेले नसते.

महाराष्ट्राने हा आकड्यांचा मोह जवळून पाहिला आहे. 2016 च्या 1 जुलैला दोन कोटी रोपांपासून सुरुवात झाली, पुढे चार कोटी, तेरा कोटी आणि 2019 मध्ये तेहतीस कोटी. त्या मोहिमेचा पैसा अनेक विभागांतून आला, ती कॅम्पाची योजना नव्हती. पण 2021 मध्ये तिच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली, तेव्हा वाद नेमका याच प्रश्नावर होता: लावलेली मोजायची की जगलेली?

2016 मध्ये पर्यायी वनीकरण निधी कायदा झाला. पैसा लोकलेख्यात, म्हणजे मुख्य तिजोरीहून वेगळ्या सरकारी खात्यात आला, वर्ष संपले म्हणून तो बुडत नाही, त्यावर व्याज मिळते, 90 टक्के राज्याला आणि 10 टक्के केंद्राला जातो, कॅग तपासणी करते, वार्षिक अहवाल सभागृहात ठेवावा लागतो. राज्यसभेत या विधेयकावर कडाडून वाद झाला तो ग्रामसभेवरून. आदिवासींच्या सामूहिक वनहक्काच्या जमिनीवर त्यांना न विचारता रोपवने उभी राहतील, ही भीती होती. नियमांत काळजी घेऊ, असे आश्वासन तत्कालीन पर्यावरण मंत्री अनिल दवे यांनी दिले. 2018 मध्ये नियम आले. नियमित कर्मचाऱ्यांचे पगार, परदेश दौरे यांवर हा पैसा वापरायचा नाही, हे त्यांत लिहिले आहे. ग्रामसभेची ताकद मात्र कार्यकर्त्यांनी मागितली होती तेवढी त्यांत आली नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि त्या गावाने बांबूचा व्यवहार स्वतः करून दाखवला. आपल्या जंगलातला पै-पैचा जमाखर्च बैठकीत मांडणाऱ्या गावाला शेजारच्या रोपवनाचा खर्च तपासता येणार नाही, असे मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

29 ऑगस्ट 2019 रोजी तत्कालीन पर्यावरण मंत्री प्रकाश जावडेकर यांनी 27 राज्यांना 47,436 कोटी रुपये हस्तांतरित केले. ओडिशाला सर्वाधिक मिळाले. महाराष्ट्राच्या वाट्याला 3,844 कोटी आले. तेव्हा हा पैसा राज्याच्या वन अर्थसंकल्पाच्या वर आहे, त्याच्या बदल्यात नाही, असे केंद्राने सांगितले होते. ते पाळले गेले का, हे तपासण्याची रीत सोपी आहे: वन विभागाच्या नेहमीच्या तरतुदीचे 2019 च्या आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. कॅम्पातून गस्तीची कामे होऊ लागली आणि राज्याने स्वतःची तरतूद तेवढीच कमी केली, तर जंगलाला नवे काहीच मिळाले नाही.

पैसा मिळूनही खर्च होत नाही, हा जुना आजार गेलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने 2025 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, 2019-20 ते 2023-24 या पाच वर्षांत मंजूर 38,516 कोटींपैकी सुमारे 67.5 टक्केच वापरले गेले.

जमिनीचा प्रश्न विदर्भात सगळ्यात टोकदार आहे, तो झुडपी जंगलामुळे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसूल नोंदीत झुडपी जंगल म्हणून असलेली सुमारे 86,000 हेक्टर जमीन वादात होती. ती वन आहे की नाही हेच ठरत नसल्याने, तीच जमीन ‘पर्यायी’ म्हणून दाखवण्याची वाट मोकळी होती. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने झुडपी जंगल हे वनच, असा निकाल दिला. 12 डिसेंबर 1996 पूर्वी दिल्या गेलेल्या जमिनी नियमित करण्याची वाट ठेवली, त्यानंतरच्या वाटपांची चौकशी करायला सांगितली. आणि पर्यायी वनीकरणासाठी झुडपी जमीन वापरायची तर वनाबाहेरची जमीन राज्यात उपलब्ध नाही असे प्रमाणपत्र मुख्य सचिवांनी स्वतः द्यावे, शिवाय जमीन दुप्पट घ्यावी, अशी अट घातली.

त्या प्रमाणपत्राची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. यापुढे विदर्भात कुठल्याही खाणीच्या किंवा महामार्गाच्या बदल्यात झुडपी जमिनीवर रोपवनाचा फलक लागला, तर पहिला अर्ज त्याच कागदासाठी जायला हवा; रोपांची पावती नंतर मागता येईल.