गीझर, कूलर, डाळ आणि जड पाणी: आमच्या सोलापूरच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात गीझर दुरुस्तीला आला की आम्ही आधी विचारतो, टाकीत पाणी कुठलं पडतं? बहुतेक जण सांगतात, "नळाचं." अजून थोडं विचारलं की कळतं, नळाला रोज पाणी येत नाही म्हणून मधल्या दिवसांत बोअर चालू करतात, आणि दोन्ही पाणी एकाच टाकीत जातं. म्हणजे न्हाणीघरातल्या नळाला जे येतं ते ना उजनीचं, ना बोअरचं. ते मिसळलेलं पाणी असतं आणि त्याचा जडपणा, म्हणजे त्यात विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, दर आठवड्याला बदलतो. हे आधी समजून घ्या, मगच जडपणा काढायचं यंत्र घ्यायचं की नाही ते ठरवा.

शहराचं पाणी मुख्यतः भीमेचं आहे. काही उजनीहून थेट जलवाहिनीने येतं, काही टाकळीला नदीतून उचलतात, शिवाय हिप्परग्याचा तलाव आहे. धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर त्यातल्या त्यात हलकं असतं. उन्हाळ्यात साठा आटतो, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. बोअरचं मात्र बाराही महिने जडच. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. मुरणारं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि मातीतली चुनखडी, खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. पाण्याचा जडपणा म्हणतात तो याच दोन क्षारांमुळे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, हा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा असं दिलं आहे. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो.

जड पाण्याने माणूस आजारी पडतो, ही भीती मनातून काढा. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. नुकसान होतं ते भांड्यांचं, कपड्यांचं, विजेचं आणि यंत्रांचं.

सगळ्यात जास्त सोसतो तो गीझर. मीठ-साखर गरम पाण्यात लवकर विरघळते, चुन्याचं उलट आहे. पाणी तापलं की कॅल्शियमचा विरघळलेला क्षार, बायकार्बोनेट, मोडतो आणि पांढरा चुना होऊन जिथे सर्वात जास्त उष्णता असते तिथेच, म्हणजे कॉइलवर बसतो. हिशोब करून पाहा. पाण्यात लिटरला 400 मिलिग्रॅम जडपणा असेल आणि रोज 100 लिटर पाणी तापत असेल, तर दिवसाला 40 ग्रॅम, वर्षाला साडेचौदा किलो क्षार त्या गीझरमधून जातात. बहुतेक पाण्याबरोबर वाहून जातात हे खरं, पण मूठभर राहिले तरी पुरे. चुन्याचा थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही. पाणी तापायला वेळ लागतो, बिल वाढतं, कॉइल आतल्या आत तापून एक दिवस जळते. याहून काळजीची गोष्ट म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. तो चुन्याने जाम झाला की टाकीतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही. गीझरमधून खडखड आवाज येत असेल, तर कॉइल टिकेल तितकी टिकू दे म्हणून थांबू नका.

उपाय स्वस्त आहे. तापमानाची खूण 50 ते 55 अंशांवर ठेवा. 60 च्या वर चुना फार वेगाने बसतो. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, टाकी उघडून साफ करून घ्या. आतली मॅग्नेशियमची कांडी त्याच वेळी बघायला सांगा. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. कांडी संपली की पुढची पाळी टाकीची.

सोलापूरच्या उन्हाळ्यात दुसरा मार बसतो कूलरला. कूलरमधून फक्त पाणी उडतं, क्षार टाकीतच राहतात. वरून भरत राहिलं तर टाकीतलं पाणी रोज आणखी जड होतं, गवताच्या जाळ्या दगडासारख्या होतात आणि हवा थंड येत नाही. दोन-तीन दिवसांनी उरलेलं पाणी पूर्ण काढून टाका. पाण्याची टंचाई असताना हे जिवावर येतं, आम्हाला कळतं. ते पाणी संडासात किंवा फरशी पुसायला वापरा.

स्वयंपाकघरात तूरडाळ शिजत नाही ती जड पाण्यामुळेच. डाळीच्या पेशींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला पाण्यातलं कॅल्शियम आणखी घट्ट करतं. डाळ भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं पाणी घ्या. सोड्याने डाळ मऊ होते, पण ब जीवनसत्त्व जातं. तीच गोष्ट साबणाची: जड पाण्यात फेस व्हायच्या आधी साबणाचा साका होतो, तो टॉवेलात अडकतो आणि टॉवेल खरखरीत होतो. शेवटच्या पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर टाकला तर साका सुटतो.

नळाच्या जाळीवरचा, शॉवरवरचा पांढरा थर काढायला किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून लावा. बाटलीतलं तीव्र अ‍ॅसिड शहाबादी फरशीवर कधीही ओतू नका. ती फरशी स्वतःच चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिड तिलाच खातं. आणि ब्लीचिंग पावडरमध्ये कुठलंही अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता यंत्रांबद्दल. यंत्र विकणारे दारावर येऊन पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडतात, पाणी तपकिरी होतं, आणि "बघा, हे पिता तुम्ही" म्हणतात. तो गाळ पाण्यातला नाही, लोखंडी सळईचा आहे. त्यावर विसंबून हजारो रुपये देऊ नका. टीडीएसच्या मीटरवरूनही जडपणा कळत नाही. तो एकूण क्षार सांगतो, त्यात साधं मीठही आलं.

आम्ही सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढायचं यंत्र, विकतो, तरीही सांगतो की सगळ्या घराला तो बहुधा लागत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो. लिटरला 100 मिलिग्रॅम जडपणा काढला की सुमारे 46 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. ते पाणी पिऊ नका, घरात रक्तदाबाचं माणूस असेल तर मुळीच नाही, आणि कुंड्यांनाही घालू नका. हे यंत्र अधूनमधून मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं; ते पाणी काळ्या मातीत सोडलं तर जमीन चिकट होते. गीझर आणि वॉशिंग मशीनच्या जोडणीपुरता लहान सॉफ्टनर बसवला तर मीठ कमी लागतं, पाणीही कमी वाया जातं. आरओ पिण्यापुरता ठीक. त्याचं बाहेर टाकलेलं पाणी बादलीत धरा.

जडपणा तपासायचा असेल तर पाणी घेऊन या, पण एक नाही, दोन बाटल्या: एक महापालिकेच्या नळाची, एक बोअरची. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळा, काठोकाठ भरा, आणि पाणी कुठलं व कधी भरलं ते चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवा.