‘अँटिगनी’तल्या दोघी बहिणी आणि ५७२वी ओळ : पार्श्वभूमी

सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’त १,३५३ ओळी आहेत. अँटिगनीची बहीण इस्मीनी, तिच्या वाट्याला त्यातल्या साठेक येतात, आणि त्या साठांतल्या एका ओळीवर पाचशे वर्षं वाद चालू आहे. ओळ अशी : ‘लाडक्या हीमॉन, बाप तुझी किती अप्रतिष्ठा करतो आहे!’ ही म्हणतं कोण? इस्मीनी म्हणत असेल, तर धाडसी बहीण आणि भित्री बहीण ही आपल्या डोक्यात पक्की बसलेली जोडी थोडी डळमळते. अँटिगनी म्हणत असेल, तर तिच्या काळजातली एक कड अचानक उघडी पडते आणि इस्मीनी आणखी मागे सरकते. भाषांतर करणाऱ्याला आणि दिग्दर्शकाला इथे पळवाट नाही. संवादाआधी नाव छापावंच लागतं, आणि ओळ कुणाच्या तरी तोंडी द्यावीच लागते.

प्रसंग असा : थीब्जचा राजा क्रेऑन याने बंदी घातली असताना अँटिगनीने आपल्या मेलेल्या भावाचं दफन केलं आहे, आणि त्याला शिक्षा मरणाची. तिचं लग्न ठरलं आहे ते क्रेऑनच्याच मुलाशी, हीमॉनशी. क्रेऑनने दोघींना समोर उभं केलं आहे. ५६१व्या ओळीपासून त्याची आणि इस्मीनीची जुंपते, आणि लवकरच ती एकास एक ओळ अशी चालू लागते. इस्मीनी विचारते : स्वतःच्या मुलाची वाग्दत्त वधू मारणार? तो म्हणतो, नांगरायला दुसरी शेतं आहेत. ती म्हणते, त्या दोघांचं जमलं होतं तसं दुसरीकडे जमायचं नाही. तो म्हणतो, माझ्या मुलांना वाईट बायका नकोत. मग ५७२. त्यावर क्रेऑनचं उत्तर : ‘पुरे झाला तुझा त्रास, तू आणि तुझं ते लग्न!’

सर्व हस्तलिखितं ही ओळ इस्मीनीला देतात. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं, दहाव्या शतकातलं, फ्लॉरेन्सला आहे. १५०२मध्ये व्हेनिसला सोफोक्लीसची पहिली छापील आवृत्ती निघाली आणि तिच्यात ही ओळ अँटिगनीच्या नावावर गेली. छापील पुस्तकाची पकड मोठी असते. पुढची चारशे वर्षं बहुतेक संपादकांनी तोच पाठ उचलला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, आजही अभ्यासकांच्या टेबलावर असणारी इंग्रजी आवृत्तीसुद्धा त्याच बाजूची आहे. अलीकडच्या संपादनांचा कल पुन्हा हस्तलिखितांकडे आहे, पण जुन्या आवृत्त्यांवरून झालेली भाषांतरं अजून हातोहात फिरतात. त्यामुळे तालमीत दोन नटांच्या हातात दोन वेगळी पुस्तकं असली, तर याच ओळीला गोंधळ होतो.

हस्तलिखितं एकमुखी आहेत म्हणून प्रश्न सुटला, असंही म्हणता येत नाही. प्राचीन गुंडाळ्यांत बोलणाऱ्या पात्राचं नाव बहुधा लिहीतच नसत. बोलणारा बदलला की ओळीच्या सुरुवातीखाली एक आखूड आडवी रेघ, आणि ओळीच्या मध्येच बदलला तर दोन टिंबं, एवढीच खूण असे. नावं पुढच्या लोकांनी अर्थ लावून भरली. रेघ फक्त ‘इथे दुसरं कुणीतरी बोलतं’ एवढंच सांगते. दोनच पात्रं बोलत असतील तर तेवढ्याने भागतं. रंगमंचावर तिघं असली की घोळ होतो, आणि इथे नेमकी तिघं आहेत. शेजारच्या ५७४ आणि ५७६ या ओळींबद्दलही असाच वाद आहे. त्या कोरसला, म्हणजे नाटकातल्या वृद्ध नागरिकांच्या समूहाला, द्याव्यात असं काहींचं म्हणणं.

मग निर्णय संवादाच्या रचनेवर आणि भाषेवर करावा लागतो. अँटिगनीच्या बाजूचा मुख्य आधार म्हणजे क्रेऑनच्या उत्तरातला ‘तुझं लग्न’ हा प्रयोग. लग्न अँटिगनीचं, तेव्हा ‘तुझं’ म्हणजे समोर अँटिगनीच असणार, असा तो युक्तिवाद. मराठी वाचकाला यातली खोट लगेच कळावी. भाचीच्या लग्नाचा धोशा लावणाऱ्या बाईलाही आपण ‘पुरे झालं तुझं ते लग्न’ असंच म्हणतो. ‘तुझं’ म्हणजे तू ज्याचं तुणतुणं लावलं आहेस ते. ग्रीकमध्येही हा प्रयोग आहे. युरिपिडीसच्या ‘हिप्पोलिटस’मध्ये (इ.स.पू. ४२८) नायक म्हाताऱ्या सेवकाला ‘तुझ्या त्या ॲफ्रोडायटीला माझा रामराम’ अशा अर्थाचं बोलतो, तेव्हा देवी त्या सेवकाच्या मालकीची नसते. तेवढ्या एका शब्दावर ओळ काढून घेणं टिकत नाही.

दुसरा आक्षेप ‘लाडक्या’ या संबोधनावर. परक्या पुरुषाला इस्मीनी असं कसं म्हणेल? पण हीमॉन परका नाहीच. क्रेऑन हा दोघींच्या आईचा भाऊ, म्हणजे सख्खा मामा. ४८६व्या ओळीत तो स्वतःच ‘बहिणीची मुलगी असली तरी’ असं म्हणतो. हीमॉन मामेभाऊ, शिवाय होणारा मेहुणा. (आपल्याकडे मुलगा मामाची मुलगी करतो. इथे आत्याची मुलगी सून म्हणून यायची होती.) इंग्रजीत मामा आणि काका एकाच शब्दात जातात, म्हणून इंग्रजीवरून भाषांतर करताना हे नातं हरवतं आणि क्रेऑन ‘काका’ होऊन बसतो. ही चूक टाळायलाच हवी. काका म्हटलं की तो दोघींच्या बापाचा, ईडिपसचा, भाऊ वाटतो, आणि तसा तो नाही.

या दोन्हींपेक्षा वजनाची गोष्ट म्हणजे संवादाची बांधणी. अँटिगनी आधीच बोलून मोकळी झाली आहे. ५५९-५६०मध्ये ती इस्मीनीला सांगते : धीर धर, तू जगते आहेस, माझा जीव तर केव्हाच गेला. त्यानंतर ती गप्प आहे. एकास एक ओळींच्या चकमकीत तिसऱ्याने एका ओळीपुरतं शिरून पुन्हा मुकं होणं ही असाधारण गोष्ट आहे, आणि त्यासाठी सबळ कारण लागतं. सगळ्या नाटकात अँटिगनी हीमॉनचं नाव एकदाही घेत नाही. लग्नाविना मरावं लागतं याचा शोक ती करते, पण तो नवरीपणाचा, मुलाबाळांचा शोक आहे, हीमॉनचा नव्हे. तिच्या तोंडी ही ओळ घालणारे संपादक हीच उणीव भरून काढत होते, असं वाटल्याशिवाय राहत नाही. नायिकेने प्रियकराचं नाव एकदा तरी घ्यावं ही अपेक्षा सोफोक्लीसची नाही, ती पुढच्या काळातल्या वाचकांची आहे. आणि ती पुरी करताना इस्मीनीचं सगळ्यात ठाम वाक्य तिच्याकडून काढून घेतलं गेलं.

ठाम म्हणण्याचं कारण, सत्तेला तिच्या घरातल्याच माणसाचं नाव घेऊन प्रश्न करणारी इस्मीनी ही पहिली. अँटिगनी देवांच्या अलिखित नियमांबद्दल बोलते. इस्मीनी मुलगा, सून, लग्न अशा घरातल्या गोष्टींवर बोट ठेवते, आणि पुढे क्रेऑनचं घर उद्ध्वस्त होतं ते नेमकं त्याच वाटेने. हीमॉन जातो, आणि त्याच्यामागून आई युरिडिसी. युरिडिसी ही या कुटुंबातली तिसरी बाई. तिच्या तोंडी नऊच ओळी (११८३–११९१), मग दूताचं सगळं बोलणं ऐकून ती एक शब्द न बोलता आत निघून जाते. तिघींना शेजारी ठेवलं तर नेहमीच्या धाडसी-भित्र्या वाटणीत मावत नाही असं बरंच हाती लागतं.

आता द्विवचन. संस्कृत शिकलेल्याला ‘आवाम्’ (आपण दोघं) ठाऊक आहे. सोफोक्लीसच्या काळच्या अथेन्सच्या ग्रीकमध्येही द्विवचन जिवंत होतं. नाटकाच्या पहिल्या ओळीत अँटिगनी बहिणीला ‘एकाच पोटची’ अशा अर्थाच्या दुहेरी विशेषणाने हाक मारते, तिसऱ्या ओळीत ‘आपण दोघी जिवंत असताना’ असं द्विवचन येतं. इस्मीनीही त्याच सुरात बोलते : आपण दोघीच उरलो (५८), पुरुषांशी लढायला आपण दोघी जन्मलो नाही (६१-६२). ती नकार देते, आणि ६९व्या ओळीपासून अँटिगनी स्वतःला आणि तिला एकत्र धरणारं द्विवचन टाकून देते, ते कायमचं. इस्मीनी मात्र ते सोडत नाही. ५५८मध्ये, मरण समोर असताना, ती म्हणते : चूक आपल्या दोघींची सारखीच. आणि क्रेऑन? त्याला त्या जोडीनेच दिसतात. ५३३मध्ये तो त्यांना घरात पोसलेली दोन अरिष्टं म्हणतो, ५६१मध्ये ‘या दोघी पोरी’ म्हणतो, ७६९मध्ये पुन्हा दोघींनाही मरणातून सुटका नाही असं बजावतो. तिन्ही ठिकाणी द्विवचन.

इंग्रजीत हे सगळं ‘आम्ही’त विरून जातं. मराठीने द्विवचन गमावलं असलं तरी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद राखला आहे, आणि ‘दोघी’ हा स्त्रीलिंगी शब्द आहे. भाषांतर करताना ३, ५८, ६२ आणि ५५८ या ओळींत ‘आपण दोघी’ ठेवावं, आणि ६९नंतर अँटिगनीच्या तोंडी ते चुकूनही येऊ देऊ नये. तिचं फक्त ‘मी’ आणि ‘तू’. एवढं पाळलं तर दोघींमधली फूट प्रेक्षकाला कानाने कळते. नाहीतर ती दाखवायला आवाज चढवावे लागतात, आणि मग इस्मीनी रडकी होते.

मूळ प्रयोग इ.स.पू. ४४१च्या सुमारास झाला. बोलणारे नट तीन, सगळे पुरुष, सगळे मुखवट्यात. एका पात्राला एकच नट असं धरलं तर भूमिकांची एक वाटणी आपोआप ठरते. ३८४ ते ४४५ या ओळींत पहारेकरी, अँटिगनी आणि क्रेऑन एकत्र आहेत. ५३१ ते ५८१मध्ये इस्मीनी, अँटिगनी आणि क्रेऑन. म्हणजे पहारेकरी आणि इस्मीनी एकाच नटाकडे असणार. अँटिगनीला पकडून आणणारा आणि तिच्याबरोबर मरायला आलेली, दोघांचा आवाज एकच. मुखवटा आणि वेष बदलायला त्याला मधल्या ऐंशीएक ओळी मिळतात. मुखवट्यावर अश्रू दिसत नाहीत, म्हणून ५२६ ते ५३० या पाच ओळींत कोरस सांगतो : ही इस्मीनी आली, गाल भिजले आहेत, कपाळावर ढग आहे. आजच्या नटीला हे चेहऱ्यावर दाखवता येतं, म्हणून या ओळी हमखास कापल्या जातात. कापल्या की तिचं येणं घाईचं वाटतं.

त्याआधीच्या कथेत इस्मीनीला वेगळंच स्थान होतं. इ.स.पू. सातव्या शतकातल्या एका कवीच्या परंपरेत ती थीब्जवर चाल करून आलेल्या टिडिअसच्या हातून मारली जाते, आणि इ.स.पू. ५६०च्या सुमाराच्या, आता पॅरिसच्या लूव्हरमध्ये असलेल्या एका कॉरिंथियन कुंभावर तो वध नावांसकट रंगवलेला आहे. त्या कथेत बहिणीशी तुलनेचा मागमूस नाही. ईस्किलसच्या, इ.स.पू. ४६७च्या ‘थीब्जवर सात’ या नाटकाच्या शेवटी दोघी येतात, पण तो शेवट पुढे ‘अँटिगनी’ पाहून जोडला असावा असं बहुतेकांचं मत आहे.

दफन दोनदा का होतं, हा प्रश्नही इस्मीनीपाशीच येऊन थांबतो. पहिल्या खेपेला कुदळीची खूण नाही, चाकाचा माग नाही, नुसता धुळीचा पातळ थर. दुसऱ्या खेपेला, भर दुपारी, अँटिगनी काशाच्या भांड्यातून तीनदा अर्घ्य ओतताना सापडते. धूळ एकदा टाकली होती, तर पुन्हा आलीच का? पहिलं दफन इस्मीनीने केलं, असं १९११मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने सुचवलं, आणि गेल्या दीड दशकात हे मत पुन्हा गंभीरपणे मांडलं गेलं. ५३६मध्ये ती ‘मी केलं आहे, हिची संमती असेल तर’ म्हणते, त्याला धरून. संहितेत याला पुरेसा आधार नाही. तरीही या सूचनेमुळे तिच्या ओळी नीट वाचल्या जाऊ लागल्या, हे खरं.

एकोणिसाव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञानाने हे नाटक कुटुंब विरुद्ध राज्य असं मांडलं आणि इस्मीनी बाजूला पडली. १९४४मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये झालेल्या फ्रेंच रूपांतराने विरोध आणखी ताणला : इस्मीनी थोरली, गोरी, देखणी, आणि अँटिगनी धाकटी, काळसर, किडकिडीत. मूळ नाटकात थोरली कोण हे सांगितलेलं नाही, दोघींच्या रूपाची तुलना तर नाहीच. पण हीच वाटणी नंतरच्या पात्रनिवडीत घट्ट बसली. १९७३मध्ये केप टाउनला झालेल्या, तुरुंगातल्या दोन कैद्यांच्या नाटकात क्रेऑन आणि अँटिगनी तेवढे उरले. इस्मीनीला तिथे जागाच नव्हती.

मूळ संहितेतही ती ७७१नंतर नाही. दोघींनाही मारणार का, असं कोरस विचारतो, आणि क्रेऑन म्हणतो, जिने हात लावला नाही तिला नाही, बरं आठवण केलीस. त्यानंतर तिचं नाव कुणी घेत नाही. ९४१मध्ये अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली उरलेली एकटी म्हणवते, तेव्हा इस्मीनी आत, त्याच घरात जिवंत असते. तिला या ओळीच्या वेळी दाराशी उभी करायची की नाही, याची सूचना संहितेत नाही.