लोमे शांतता करार

सिएरा लिओनचे सरकार आणि ‘रेव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट’ ही सशस्त्र बंडखोर संघटना यांच्यात ७ जुलै १९९९ रोजी टोगोच्या राजधानीत झालेला सत्तावाटपाचा करार लोमे करार म्हणून ओळखला जातो. १९९१ पासून धुमसणारे यादवी युद्ध थांबवणे हा त्याचा हेतू होता.

राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान कब्बा यांच्याकडे भरवशाचे सैन्यच नव्हते. मे १९९७ मध्ये त्यांच्याच लष्करातील अधिकाऱ्यांनी त्यांना पदच्युत केले, पुढच्या वर्षी नायजेरियाच्या नेतृत्वाखालील पश्चिम आफ्रिकी फौजेने त्यांना पुन्हा सत्तेवर बसवले, आणि ६ जानेवारी १९९९ रोजी बंडखोर फ्रीटाउनमध्ये घुसले तेव्हा राजधानी राखली तीही या परक्या फौजेनेच. ती फौज मायदेशी परतण्याच्या बेतात असताना वाटाघाटी झाल्या, हे ध्यानात घेतल्याशिवाय करारातील कलमांचा उलगडा होत नाही.

संघटनेला मंत्रिमंडळात चार मंत्रिपदे व चार उपमंत्रिपदे देण्याचे ठरले. ऑक्टोबर १९९८ मध्ये फाशीची शिक्षा झालेला तिचा नेता फोडे सांकोह याला माफी, उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि खनिज संपत्तीचे व्यवस्थापन पाहणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद मिळाले. सर्वांत महागात पडली ती ही शेवटची तरतूद. ज्या हिऱ्यांवर बंडखोरांची शस्त्रखरेदी चालत होती, त्यांचाच कारभार त्यांच्या म्होरक्याकडे गेला. खाणींचा प्रदेश तर आधीपासून त्यांच्या ताब्यात होता. लोकांचे हातपाय तोडणाऱ्यांनाही लागू होणारी सरसकट माफी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीला मान्य नव्हती. वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे व युद्धगुन्हे यांना ती लागू नाही, अशी टीप त्याने सही करताना हाताने लिहिली.

शस्त्रे खाली ठेवण्याचे वचन कागदावरच राहिले. मे २००० मध्ये बंडखोरांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुमारे ५०० शांतिसैनिकांना ओलीस धरले. ८ मे रोजी सांकोहच्या फ्रीटाउनमधील घरासमोर जमलेल्या निदर्शकांवर त्याच्या रक्षकांनी गोळीबार केला. काही दिवसांतच तो पकडला गेला. कैलाहुन येथे अडकलेल्या शांतिसैनिकांची, ज्यांत बहुतांश भारतीय होते, जुलैमध्ये ‘ऑपरेशन खुकरी’ने सुटका केली. ब्रिटिश सैन्याच्या हस्तक्षेपानंतर नोव्हेंबर २००० मध्ये अबुजा येथे नवी युद्धबंदी झाली आणि जानेवारी २००२ मध्ये युद्ध संपल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत संघटनेच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. सांकोह २००३ मध्ये कोठडीत मरण पावला. लोमे येथील माफी आपल्या खटल्यांच्या आड येत नाही, असा निर्वाळा या युद्धातील गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या ‘सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालया’ने २००४ मध्ये दिला.