मुलांची उंची थांबवणारं इस्ट्रोजेन

दहावीतल्या मुलाला मिसरूड फुटलं, आवाज बसका झाला, की घरात विचारणा सुरू होते: आता याची उंची वाढायची किती राहिली? याचं खात्रीचं उत्तर चेहऱ्यावर दिसत नाही. त्यासाठी डॉक्टर डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात आणि हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्की झाली आहेत, ते पाहतात. ते जन्मतारखेच्या वयापेक्षा दोनेक वर्षं मागे-पुढे असू शकतं.

लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथं नव्या पेशी तयार होतात, त्यांच्या जागी हाड येतं आणि हाड लांबतं. मुलांमध्ये हा वेग साधारण साडेतेरा-चौदाव्या वर्षी सर्वाधिक असतो, वर्षाला सुमारे ९ ते १० सेंटिमीटर. आधी पावलं वाढतात, मग पाय, आणि धड सगळ्यांत शेवटी. म्हणून चपला आधी लहान होतात. पुढे उंचीचा वेग ओसरू लागतो, तेव्हा खांदे रुंदावतात, दंड भरतात. दाढी ओठांच्या कोपऱ्यांपासून गालांकडे आणि शेवटी हनुवटीवर उतरते. छातीवरचे केस तर विशीतही येत राहतात.

खांदे, दंड, दाढी हे बदल प्रामुख्याने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घडवतं. पण ग्रोथ प्लेट मिटवण्याचं, म्हणजे तिचं पूर्ण हाड करून वाढ थांबवण्याचं काम प्रामुख्याने इस्ट्रोजेन करतं, ज्याला आपण बायकांचं संप्रेरक म्हणून ओळखतो. मुलांच्या शरीरात अरोमाटेज नावाचं विकर टेस्टोस्टेरॉनचा काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध केली. जनुकातल्या दोषामुळे त्याच्या पेशींना इस्ट्रोजेनचा संदेश कळतच नव्हता. टेस्टोस्टेरॉन नेहमीएवढं होतं, तरी हाडांचं वय फक्त १५ होतं. उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि तो अजून वाढतच होता. हाडंही ठिसूळ होती, कारण ती घट्ट व्हायलाही इस्ट्रोजेन लागतं.

हे कळल्यावर उंची वाढवण्याच्या पावडरींच्या जाहिराती पाहून मला राग येतो. प्लेट मिटल्यावर कोणतीही पावडर किंवा बारला लटकणं हाड लांबवू शकत नाही. त्याहून गंभीर गोष्ट जिममध्ये घडते. पंधरा-सोळाव्या वर्षी कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली, तर त्यातलं काही इस्ट्रोजेन होतं आणि प्लेट वेळेआधीच मिटू शकते. दंड फुगतात, पण उरलेली उंची जाते.

उलट, वर्गात सगळ्यांत लहान दिसणारा मुलगा अनेकदा फक्त उशिरा वयात येत असतो. त्याची प्लेट उघडी असते आणि मित्र थांबल्यावरही तो वाढत राहतो. मात्र चौदा वर्षं पूर्ण झाली तरी वयात येण्याची एकही खूण दिसत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. बहुतेक वेळा हा घराण्यातलाच उशीर निघतो. अनेकदा वडिलांची उंचीही कॉलेजात गेल्यावरच वाढलेली असते.