काली लिनक्स नंतर टाका, आधी आपलं वाय-फाय बघा

सांगली-मिरजेकडची इंजिनिअरिंगची पोरं भेटली की सिक्युरिटीचा विषय निघतोच आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, लॅपटॉपवर काली टाकू का?" काली लिनक्स म्हणजे सिक्युरिटी तपासायच्या कामासाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टिम. मी म्हणतो टाक की, पण आत्ताच नको. काली वाईट अजिबात नाही, डेबियन नावाच्या लिनक्सवर उभं केलेलं, २०१३ ला बॅकट्रॅक या आधीच्या सिस्टिमच्या जागी आलेलं आणि सहाशेच्या वर टूल्स आयती भरलेली, पण नवीन माणसाला त्यातलं नेमकं काय उघडायचं तेच कळत नाही आणि चार दिवसांत उत्साह संपतो. त्यापेक्षा आहे त्या विंडोजवर दोनच गोष्टी घ्या, नेटवर्कवर कोण आहे ते शोधणारं एनमॅप आणि नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं वायरशार्क, दोन्हीला एक रुपया लागत नाही, आणि आपल्या घरचं नाहीतर दुकानाचं वाय-फाय तपासायला बसा. आपल्या नेटवर्कवर कोण कोण बसलंय हेच माहीत नसेल तर राखण कुणापासून करायची?

डाउनलोड मूळ साइटवरूनच करा, गुगलवर सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटची साइट हॅक करून डाउनलोडची लिंक बदलली होती आणि काही लोकांनी चोरवाट ठेवलेली फाइल उतरवून घेतली. यासाठीच फाइलचा एसएचए-२५६ हॅश दिलेला असतो, म्हणजे फाइलवरून गणित करून काढलेली ६४ अक्षरांची रांग, फाइलमधला एक बिट बदलला तरी अख्खी रांग वेगळी येते. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड आधीपासूनच असते, तिनं हॅश काढून ताडून बघा. आता साइटच हॅक झाली असेल तर तिथं छापलेला हॅशही बदलता येतोच, म्हणून जिथं डिजिटल सिग्नेचर, म्हणजे फाइल बनवणाऱ्याची डिजिटल सही, दिलेली असेल तिथं तीही तपासायची.

एनमॅप १९९७ चं, गॉर्डन लायन या प्रोग्रामरनं फ्योडोर या टोपणनावानं फ्रॅक या हॅकर लोकांच्या मासिकात त्याचा कोड दिला होता. कमांड लिहायची भीती वाटत असेल तर झेनमॅप वापरा, त्यात बटणं आहेत. टार्गेटमध्ये आपल्या नेटवर्कच्या आयपी पत्त्यांची रेंज टाकायची (आयपी म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक डिव्हाइसला मिळालेला नंबर), बऱ्याच राउटरची १९२.१६८.१.० पासून २५६ पत्त्यांची असते, आणि पिंग स्कॅन, म्हणजे कोण कोण जागं आहे एवढंच बघणारा स्कॅन, निवडायचा. आता इथं गंमत आहे. आपल्याच नेटवर्कवर असलो की एनमॅप एआरपी वापरतो, म्हणजे प्रत्येक पत्त्यासाठी सगळ्यांना विचारतो की हा पत्ता कुणाचा, आणि याला उत्तर द्यावंच लागतं कारण ते नाही दिलं तर त्या डिव्हाइसचं स्वतःचंच नेट चालणार नाही, त्यामुळं साध्या पिंगला गप्प बसणारं यंत्रही इथं सापडतं. शिवाय मॅक ॲड्रेस, म्हणजे डिव्हाइसच्या नेटवर्क कार्डाचा नंबर, त्याच्या सहा बाइटपैकी पहिल्या तीनवरून कंपनी ओळखता येते. अलीकडचे फोन मात्र मुद्दाम खोटा मॅक दाखवतात, तिथं नाव नाही आलं तर घाबरू नका.

पुढची पायरी पोर्टची. आपल्या मार्केट यार्डाचा पत्ता एकच पण आत गाळे कितीतरी, तसं एका आयपीवर ६५,५३५ पोर्ट असू शकतात आणि प्रत्येकावर वेगळी सेवा बसते. एनमॅप साध्या स्कॅनमध्ये त्यातले नेहमी वापरात येणारे १,००० बघतो. तो सिन नावाचं छोटं पॅकेट, म्हणजे डेटाचा एक तुकडा, पाठवतो, समोरून सिन-ॲक आलं तर पोर्ट उघडा, आरएसटी आलं तर बंद, आणि काहीच आलं नाही तर बहुतेक मध्ये ट्रॅफिक अडवणारी फायरवॉल आहे.

एका हळद व्यापाऱ्याच्या पोराला त्याच्याच दुकानात हे करून दाखवत होतो तर त्यानं विचारलं, "ह्ये तेवीस नंबरचं काय दिसायलंय?" ते होतं कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याचं, टेलनेट, लांबून लॉगिन करायची जुनी सोय, उघडं, आणि पासवर्ड कॅमेरा बसवला तेव्हाचाच. २०१६ मधलं मिराई नावाचं व्हायरससारखं प्रोग्राम हेच शोधत फिरायचं. त्याच्याकडं कंपनीनं दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, त्या वापरून त्यानं कॅमेरे, डीव्हीआर, राउटर असं काय काय ताब्यात घेतलं आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेनं डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सेवा) एवढा ट्रॅफिक सोडला की अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स बराच वेळ अडखळत होतं. म्हणून डीव्हीआरचा पासवर्ड बदला, टेलनेट बंद करा, फर्मवेअर म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर अपडेट करा आणि राउटरमधली यूपीएनपी नावाची सोय बंद करा कारण त्यामुळं डिव्हाइस तुम्हाला न विचारता बाहेरून आत यायचा पोर्ट उघडून घेऊ शकतं. एवढं झालं की परत स्कॅन मारा.

शेजाऱ्याच्या, कॉलेजच्या, बँकेच्या नेटवर्कवर हे करायचं नाही, लेखी परवानगी असेल तरच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हात बसवायचाच असेल तर एनमॅपवाल्यांनी स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग ही मशीन त्यासाठीच ठेवलीय, तिच्यावर थोडेफार स्कॅन केलेले चालतात.

वायरशार्क १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्सनं इथेरियल नावानं सुरू केलं, २००६ पासून आत्ताचं नाव. यात एकेक पॅकेट उघडून वाचता येतं. डीव्हीआरचं लॉगिन पान साध्या एचटीटीपीवर असेल तर लॉगिन करताना रेकॉर्ड करून बघा, बऱ्याच जुन्या मॉडेलांत पासवर्ड सरळ वाचता येतो, आणि तेच एचटीटीपीएसवर, म्हणजे एन्क्रिप्ट करून, कुलूप लावून पाठवलेलं असलं की नुसता अगम्य कचरा दिसतो. एन्क्रिप्शन कशाला पाहिजे हे पोरांना दहा लेक्चरांत पटत नाही ते या एका स्क्रीनवर पटतं, मी हे बघितलंय.

बरेच जण म्हणतात वायरशार्क लावलं तरी टीव्हीचं काही दिसत नाही. बरोबर आहे, वाय-फायवर साधारणपणे आपल्या लॅपटॉपचाच ट्रॅफिक दिसतो. त्याला उपाय आहे, विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करून स्मार्ट टीव्ही त्याला जोडायचा, म्हणजे टीव्हीचं सगळं येणंजाणं लॅपटॉपमधून होतं. मग वायरशार्कमध्ये त्या हॉटस्पॉटचा ॲडाप्टर निवडून वरच्या फिल्टरच्या रकान्यात dns टाका आणि टीव्हीवर काहीही न लावता तो कुठल्या कुठल्या सर्व्हरची नावं विचारतोय ते वाचत बसा.