‘लिव्ह’ की ‘लीव्ह’? मुलाखतीत कान कुठे अडतो

विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, आमच्या गावात रोज संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका भरते. तिथे मी इंग्रजी घेतो. मागच्या दिवाळीआधी, सोयाबीनची सोंगणी नुकतीच आटोपलेली असताना, आमच्यातल्या एका मुलीला मुलाखतीचा फोन आला. मुलगी बी.एस्सी. झालेली. इंग्रजीत चांगले गुण, अर्जाचं पत्रही तिनं स्वतः लिहिलेलं, मी फक्त एक स्वल्पविराम हलवला होता. पलीकडच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘व्हेअर डू यू लिव्ह नाऊ?’ हिनं उत्तर दिलं, ‘मॉर्निंग सिक्स थर्टी, मॅडम.’

प्रश्न होता, हल्ली कुठे राहता? हिच्या कानानं ऐकलं, कधी निघता? म्हणून तिनं सकाळच्या एसटीची वेळ सांगितली. पलीकडे क्षणभर कोणी बोललं नाही, आणि त्या शांततेनं तिचा धीर गेला. पुढचे चार प्रश्न तिला समजलेच नाहीत. फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. ‘सर, मले इंग्रजी येतच नाही.’

तिला इंग्रजी येतं. हेच प्रश्न कागदावर लिहून दिले असते तर तिनं दहा मिनिटांत नीट उत्तरं लिहिली असती. अडला होता तो तिचा कान, आणि कान का अडतो याबद्दल विज्ञानाला बरंच ठाऊक आहे. आमच्याकडच्या मुलामुलींना ते कोणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी ‘लिव्ह’ आणि ‘लीव्ह’चंच बघू. शाळेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी आपण सगळ्यांनी लाल शेरे खाल्ले आहेत. ते शेरे का पडतात? लिहिताना आपण ‘दिन’ आणि ‘दीन’ वेगळे लिहितो, पण बोलताना बहुतेकांच्या तोंडी ते सारखेच येतात. मराठी बोलीत या फरकावर फारसं काही अवलंबून नसतं, त्यामुळे कान तिकडे लक्ष द्यायचं सोडून देतो. इंग्रजीत मात्र त्याच फरकावर ‘राहणं’ आणि ‘निघणं’ वेगळं होतं. तिथे नुसती लांबी बदलत नाही, जिभेची जागाही बदलते.

कान हे सोडून देणं फार लवकर शिकतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या संशोधकांनी १९८४ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘ट’ आणि ‘त’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक ओळखू आला. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो येईनासा झाला होता. आपल्याला ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत गोंधळ होईल अशी कल्पनाही करवत नाही, पण लंडनमध्ये वाढलेल्या माणसाला तो होतो. मग ‘लिव्ह-लीव्ह’मध्ये आमच्या पोरीचा झाला, तर ती लाजेची गोष्ट कशी?

दुसरी अडचण याहून मोठी आहे. छापलेल्या ओळीत शब्दाशब्दांत मोकळी जागा असते. बोलण्यात ती नसते. हे मुलांना पटावं म्हणून मी मोबाइलवर ‘व्हॉट डिड यू डू आफ्टर कॉलेज?’ हे वाक्य एका भराभर बोलणाऱ्या माणसाच्या आवाजात ध्वनिमुद्रित केलं आणि त्याचा आलेख मोठा करून दाखवला. मुलं शब्दांमधल्या फटी शोधू लागली. पहिल्या चार शब्दांत फट नव्हतीच. ते मिळून ‘वॉडिजडू’ असा एकच गोळा झाला होता, कारण ‘ड’ आणि ‘य’ जवळ आले की इंग्रजीत त्यांचा ‘ज’ होतो. रेघ सपाट झाली ती ‘आफ्टर’ या शब्दाच्या पोटात, ‘ट’च्या आधी, कारण तिथे जीभ टाळूला लागून हवा थांबते. म्हणजे फट होती, पण शब्दाच्या मधोमध. एक पोरगा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘मंग तोडाचं कुठून?’

अगदी बरोबर प्रश्न. आयर्विन पोलॅक आणि जे. एम. पिकेट यांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत लोकांच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून त्यातले एकेक शब्द कापून काढले आणि सुटे ऐकवले. ऐकणाऱ्यांची मातृभाषा इंग्रजीच होती. तरी सुटा शब्द त्यांना जेमतेम निम्म्या वेळी ओळखता आला. शेजारचे शब्द जोडून ऐकवले, तेव्हा कळू लागलं. नुसत्या कानानं शब्द ओळखता येत नाही. पुढचं-मागचं धरून मेंदू तो रचत असतो.

आपण मराठीत हे रोज करतो, म्हणून ते जाणवत नाही. आमच्याकडे ‘काय करून राहिला’ हे बोलताना ‘का करून रायला’ होतं. पुण्याहून लग्नाला आलेला माझा आतेभाऊ पहिल्या दिवशी पंगतीत नुसता हसून मान हलवत होता. ‘काऊन बे, जेवला नाही का?’ यातलं ‘काऊन’ म्हणजे ‘का’, हे त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. मराठीतला एम. ए. माणूस. त्याला मराठी येत नाही असं कोणी म्हटलं नाही.

शब्द तोडायची ही कला बाळ कशी शिकतं, हे १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी दाखवलं. त्यांनी ‘बिडाकू’, ‘पाडोटी’, ‘गोलाबू’ असे अर्थ नसलेले शब्द एकमेकांना चिकटवून, मध्ये जराही न थांबता, आठ महिन्यांच्या बाळांना दोन मिनिटं ऐकवले. तेवढ्यात बाळांच्या कानांनी हेरलं की ‘बि’नंतर ‘डा’ नेहमी येतो, पण ‘कू’नंतर काहीही येऊ शकतं. म्हणजे तोडायची जागा ‘कू’नंतर. व्याकरण नाही, अर्थ नाही, नुसती वारंवारता. आमच्या मुलांना शाळेत दहा-बारा वर्षं इंग्रजी असतं, पण ते फळ्यावरचं आणि पुस्तकातलं, तेही मराठीतून समजावलेलं. सलग बोललेलं इंग्रजी कानावर पडतच नाही, मग वारंवारता मोजायची कशाची?

त्यात मुलाखत फोनवर असली की आणखी कठीण. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर आवाजातला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला एवढी कंपनं) एवढाच पट्टा पलीकडे पोहोचतो. ‘स’ आणि ‘फ’ यांचा सळसळाट बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर नाव सांगताना ‘एस’ की ‘एफ’ हे पुन्हा विचारावं लागतं. फोर-जीच्या चांगल्या कॉलमध्ये हा पट्टा सुमारे ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. पण गावात रेंज पडली आणि फोन टू-जीवर उतरला की पुन्हा तोच अरुंद पट्टा. शिवाय समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. ओठ दिसले तर गोंगाटातलं बोलणंही बरंच जास्त कळतं, हे सम्बी आणि पोलॅक यांनी १९५४ मध्येच मोजून दाखवलं होतं. म्हणून मी मुलांना सांगतो, व्हिडिओवर बोलायची सोय असेल तर ती मागा. नसेल तर निदान फोन आल्यावर ओट्यावर, पाण्याच्या टाकीवर, जिथे रेंज धरते तिथे आधीच जाऊन उभे राहा.

आता डोक्यात काय होतं ते बघू. ऐकलेला आवाज आपण क्षणभर मनात धरून ठेवतो. अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यरत स्मृतीच्या कल्पनेत आवाजासाठी एक वेगळा कप्पा आहे. मनातल्या मनात उजळणी केली नाही, तर त्यातला आवाज दोनेक सेकंदांत पुसट होतो. ‘वॉडिजडू’चे तुकडे पाडण्यात ती दोन सेकंद गेली, की ‘आफ्टर कॉलेज’ ऐकायला त्या कप्प्यात जागाच उरत नाही. मुलं सांगतात ना, ‘पहिलं समजलं, मंग सगळं घसरलं’, ते हेच.

त्यावर घाई. जगातल्या दहा भाषांतल्या संभाषणांचा २००९ मध्ये अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं दिसलं. एखादी वस्तू पाहून तिचं साधं नाव उच्चारायलाच माणसाला सुमारे ६०० मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ, समोरच्याचं वाक्य चालू असतानाच आपण उत्तर जुळवत असतो. मातृभाषेत ते निभतं. इंग्रजीत मात्र आमची मुलगी प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याचं मराठी करते, उत्तराचं इंग्रजी करायला घेते, आणि तेवढ्यात प्रश्नाचा दुसरा अर्धा येऊन निघून जातो.

आणि भीती. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि सहकाऱ्यांना प्रयोगशाळेत माणसावर हमखास ताण आणणारी एक ठरावीक चाचणी हवी होती. १९९३ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. त्यात माणसाला सांगतात, की तुम्ही नोकरीसाठी आला आहात, परीक्षकांपुढे उभे राहून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोला. परीक्षक हसत नाहीत, मान हलवत नाहीत. मग १,०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक यानं दुपटी-चौपटीनं वाढतं. ही चाचणी आज जगभर वापरली जाते. ताण निर्माण करायला शास्त्रज्ञांनी निवडली ती नोकरीची मुलाखत, आणि तीही माणसाच्या स्वतःच्या भाषेतली! परक्या भाषेत पहिल्यांदाच मुलाखत देणाऱ्या पोरीचे हात थरथरले, तर त्यात तिचा काय दोष?

यावर उपाय आहेत, आणि ते आम्ही अभ्यासिकेत रोज करतो. पंधरा सेकंदांचा एखादा तुकडा घ्यायचा. कागद न बघता तीनदा ऐकून जसा ऐकू आला तसा वहीत लिहायचा. मग छापील मजकूर बघून निसटलेल्या शब्दांखाली रेघ ओढायची. पुन्हा दोनदा ऐकायचं, एकदा मजकुरावर बोट ठेवून, एकदा डोळे मिटून. आमच्या वह्या चाळल्या तर एक गोष्ट सारखी दिसते. रेघा अवघड शब्दांखाली कमी आहेत आणि ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘देम’ यांच्याखाली जास्त. इंग्रजी बोलणारे जोर देतात तो महत्त्वाच्या शब्दांवर, हे लहान शब्द ते गिळतात. ‘शुड हॅव’चं ‘शुडव्ह’ होतं. आपण मराठी माणसं जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचं माप देतो, म्हणून तेवढंच माप मिळायची वाट बघत राहतो.

आवाज मात्र अनेक हवेत. आर आणि एल या ध्वनींत गोंधळणाऱ्या जपानी लोकांना १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात शिकवताना असं दिसलं, की एकाच माणसाच्या आवाजावर सराव केलेले लोक नव्या आवाजापुढे अडखळतात, अनेकांच्या आवाजांवर सराव केलेले सावरतात. आमच्या मुलांची मुलाखत घेणारे कोणी तमिळ, कोणी बंगाली, कोणी पंजाबी असतात. प्रत्येकाच्या इंग्रजीत त्याची मातृभाषा मुरलेली असते. एकाच युट्यूब गुरूला वर्षभर धरून बसण्यात म्हणूनच मला अर्थ वाटत नाही. व्हिडिओ बघताना खाली ओळी (सबटायटल्स) लावायच्या त्याही इंग्रजीच. मिटरर आणि मॅक्वीन यांनी २००९ मध्ये डच लोकांना स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी ऐकवलं, तेव्हा खाली इंग्रजी ओळी असलेल्यांचा कान त्या उच्चारांना सरावला. डच ओळी असलेल्यांना त्या ओळींचा उलट अडथळाच झाला. खाली हिंदी आली की आपण ती वाचतो आणि कान मिटतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आम्ही पुन्हा विचारण्यावर घालवतो, कारण आमच्या मुलांना ते अपमानाचं वाटतं. मार्क डिंगेमान्से आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये बारा भाषांतली रोजची बोलणी तपासली. घरात, अंगणात, आपल्या माणसांत बोलतानाही लोक सरासरी दर दीड मिनिटाला एकदा ‘काय?’, ‘कोण?’ असं विचारून घेतात. आपण दिवसभर ‘आँ? का म्हन्लं?’ करतच असतो. मुलाखतीत ‘सॉरी, कुड यू रिपीट?’ म्हणणं चांगलंच. पण जेवढं कळलं तेवढं सांगून विचारणं त्याहून चांगलं. ‘सॉरी, यू आर आस्किंग व्हेअर आय लिव्ह, ऑर व्हेन आय लीव्ह?’ असं म्हटलं की समोरच्याला नेमका कुठला तुकडा परत द्यायचा ते कळतं, आणि आपल्याला श्वास घ्यायला तीन-चार सेकंद मिळतात.

त्या मुलीनं या उन्हाळ्यात स्वतःहून एक काम हाती घेतलं. गावातली, माहेरपणाला आलेली, बाहेर नोकरी करून सुट्टीला आलेली, जी जी इंग्रजी बोलणारी माणसं भेटली त्यांच्याकडून तिनं मुलाखतीचे तेच वीस प्रश्न फोनमध्ये बोलून घेतले. एकीच्या मागे गिरणी चालू आहे, एकाला सर्दी झालेली आहे, एका सैनिकानं तर तीन प्रश्न एका दमात विचारले आहेत. काल संध्याकाळी लाईन गेली होती. दोघीतिघी गच्चीवर फोन मध्ये ठेवून अंधारात बसल्या होत्या. सैनिकाचा आवाज संपला. ही म्हणाली, ‘दुसरा प्रश्न पुन्हा लाव. पहिले दोन शब्द चिकटले आहेत, ते मी तोडते, बाकीचं तू लिही.’