ठाणे खाडी: रोहित पक्ष्यांची वाट आणि लोकांचे मत

ठाणे खाडीच्या चिखलावर भरतीचे पाणी चढू लागले की रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उठतात आणि नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर जाऊन उतरतात. ओहोटी लागली की परत खाडीत. चरायचा चिखल अभयारण्यात आणि विसाव्याचे पाणी अभयारण्याबाहेर, शहराच्या नकाशात. यातलीच एक जागा म्हणजे नेरुळच्या डीपीएस शाळेजवळचा डीपीएस तलाव; तो वाचवण्यासाठी नवी मुंबईकर रस्त्यावर का उतरले, त्याचे मूळ इथे आहे. खाडीकाठाचे काय करायचे हे ठरवताना लोकांना कधी आणि कितपत विचारले गेले, ही गोष्ट मात्र त्याहून जुनी.

१९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या नव्या शहरासाठी ठरल्या. भातशेती, मिठागरे, भरतीच्या पाण्याखाली येणारी खाजणे सगळे त्यात आले. नियोजनकारांच्या लेखी खाजण म्हणजे भराव टाकायची जागा. निवट्या आणि चिंबोऱ्यांवर घर चालवणाऱ्याला कोण विचारणार? जानेवारी १९८४ मध्ये उरण भागातल्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. ती मोलाची होतीच, पण तो जमिनीतला वाटा होता, आराखड्यातला नव्हे.

किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधने घालणारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना दिल्लीहून आली. मोठ्या प्रकल्पांना जनसुनावणी बंधनकारक झाली ती १९९७ मध्ये. कांदळवने मात्र सुनावणीतून नव्हे, कोर्टातून वाचली. पर्यावरण संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तोडीला मनाई केली आणि २०१८ मध्ये ती पक्की केली. मधल्या काळात, २०१२ मध्ये, वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला.

ऑगस्ट २०१५ मध्ये ऐरोली आणि वाशी पुलांदरम्यान सुमारे १,६९० हेक्टरचे रोहित अभयारण्य जाहीर झाले. अशा वेळी कोळीवाड्यातला पहिला प्रश्न एकच असतो: जाळे टाकता येईल ना? प्रादेशिक समुद्रातल्या अभयारण्यांसाठी वन्यजीव कायद्यात १९९१ पासून तरतूद आहे, की स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित आधी सांभाळावे. हित सांभाळणे आणि मत घेणे यात फरक आहे, तो कायदा तिथे करत नाही. अभयारण्याभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकाम-उद्योगांवर निर्बंध असलेला पट्टा, २०२१ मध्ये ठरले. त्याच्या मसुद्यावर हरकती-सूचनांसाठी ६० दिवस असतात. पण मसुदा राजपत्रात निघतो, आणि पहाटे होडी काढणारा माणूस राजपत्र चाळत नाही. त्याच वर्षी वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाविरुद्ध मच्छीमार संस्था उच्च न्यायालयात गेली, तेव्हा बाधित मच्छीमारांसाठी भरपाईचे धोरण आखा, असा आदेश सरकारला मिळाला. पुन्हा भरपाईच. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला.

अभयारण्याबाहेरच्या जोडपट्ट्यांचा विचार वन्यजीव कायद्यात आला तो २००२ च्या दुरुस्तीने. ‘संवर्धन राखीव’ हा त्यातला नवा प्रकार: अभयारण्यालगतची किंवा दोन संरक्षित क्षेत्रे जोडणारी सरकारी जमीन, आणि ती जाहीर करण्याआधी स्थानिक समाजाशी सल्लामसलत सक्तीची. रोहित पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेला हे माप अगदी बसते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांच्या डीपीएस तलावासाठी याच मार्गाला हिरवा कंदील दाखवला. त्यामागे रहिवाशांचा आणि पक्षीप्रेमींचा पाठपुरावा होता. म्हणजे यावेळी लोकच आधी बोलले, सरकार नंतर हलले.

संवर्धन राखीवाच्या व्यवस्थापन समितीत वन, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांबरोबर वन्यजीव क्षेत्रातल्या संस्थांचे तीन प्रतिनिधी असतात आणि त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जंगलाकाठचे खेडे होते. इथली गावे १९९२ पासून नवी मुंबई महापालिकेत आहेत. ग्रामपंचायतच उरलेली नाही, त्यामुळे कोळीवाड्यासाठी त्या समितीत हक्काची खुर्ची नाही.